डीमार्टसारख्या मोठ्या रिटेल कंपनीत स्टोअरच्या जॉबसाठी अप्लाय कसं करायचं, इंटरव्ह्यूला काय विचारतात? (बारावी पास, राहायला डोंबिवली)

कंपनीच्या साइटवर करिअर्स सेक्शनमध्ये फॉर्म भर, पण तेवढ्यावर थांबू नकोस, बायोडाटा घेऊन सरळ स्टोअरमध्ये जा आणि एचआरला कधी भेटता येईल ते विचार, दुपारी जा, संध्याकाळच्या गर्दीत कोण बघणारे तुझ्याकडे. आधार, पॅन, मार्कशीट, पासबुकची झेरॉक्स सोबत ठेव.

इंटरव्ह्यू काय फार भारी नसतो. शेल्फवर एक किंमत आणि बिलात दुसरी आली नि कस्टमर भडकला तर काय करशील, असलं विचारतात. 'समजावेन' एवढंच नको बोलूस, शांतपणे ऐकून घेईन, रेट चेक करेन, नाही जमलं तर सुपरवायझरला बोलावेन असं नीट सांग. तासन्तास उभं राहायची तयारी आहे का, शनिवार-रविवार आणि दिवाळीत येशील का, हेही येतंच, तिथे उगाच हो म्हणू नकोस कारण सुट्टी बहुतेक मधल्या वारीच मिळते.

तू पण विचार की, पेरोल कंपनीचा की एजन्सीचा (म्हणजे पगार नेमका कोण देणार), शिफ्ट किती वाजता सुटते (रात्रीची कर्जत-कसारा लोकल बघून ठेव, लटकत येशील 😅), आणि हातात किती. पीएफसाठी बेसिक-डीएचे (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) 12 टक्के साधारण कापले जातात, पगार 21,000 पर्यंत असला तर ईएसआयसीचे (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) 0.75 टक्के वेगळे.

आणि हो, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट मागितलं तर सरळ ब्लॉक कर.