पुण्यातला जुना टू बीएचके विकायचा आहे. लोकांना दाखवण्याआधी घरात काय काय करून घ्यावं?

सगळ्यात आधी ओल बघा. बाथरूमच्या मागची भिंत आणि खिडकीखालचे पोपडे घेणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाहीत. गळतीचं मूळ शोधून वॉटरप्रूफिंग करा. नुसता रंग मारून झाकू नका; पुढच्या पावसाळ्यात डाग वर येतो आणि ती सरळ फसवणूक आहे. मग फिकट रंग, गळके नळ, करकरणारी दारं. नवं मॉड्युलर किचन मात्र बसवू नका, तो खर्च क्वचितच वसूल होतो. बाल्कनीत कोंबलेलं सामान हलवलंत तरी हॉलमध्ये उजेड येतो. दाखवायचं ते दिवसा, पडदे सारून.

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला), इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा), मालमत्ता कराची पावती आणि सोसायटीचं ना-हरकत पत्र एका फाइलमध्ये तयार ठेवा. कर्ज काढून घेणाऱ्याला बँकेसाठी ते लागतंच.