घाटाच्या तीनच पायऱ्या घे

कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर फोटो काढायला गेलास की नदी, देवळं, पायऱ्या सगळं एकाच फ्रेममध्ये कोंबू नकोस. तीन पायऱ्या आणि एखादा पितळी तांब्या, बास. सकाळचं तिरपं ऊन दगडाची झीज दाखवतं. दुपारी तीच सपाट दिसते. फ्रेमभर काळा दगड असला की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं, फोटो जादा उजळ करतं आणि दगड राखाडी येतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटोचा उजळपणा कमी-जास्त करायची सेटिंग, उणे १ ठेव.

घरी सरावाला कोल्हापुरी चपलेइतकी चांगली वस्तू नाही. खिडकीचा उजेड एका बाजूने घे, वेणीचा प्रत्येक पदर उठून दिसेल. पिवळा बल्ब मात्र बंद कर, नाहीतर दोन रंगांचे उजेड मिसळून कातड्याचा रंग बिघडतो. जवळून घेताना अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८ ठेव. शटर १/६० सेकंदापेक्षा हळू झालं तर ट्रायपॉड लाव.