गावाकडे कुत्र्याला सारखे गोचीड होतात, काढले तरी परत येतात, काय करावं?

भाऊ, परत येतात कारण कुत्र्याच्या अंगावर जेवढे दिसतात त्याच्याहून जास्त घरात असतात. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते आन भिंतीच्या भेगेत, गोठ्याच्या कुडात हजारांनी अंडी घालते. म्हणून बसायचं पोतं उन्हात टाका, भेगा बुजवा, नुसतं कुत्रं धुऊन काही होत नाही.

आमच्या शेरूच्या कानात आन बोटांच्या बेचक्यात तुरीच्या दाण्याएवढे राखाडी गोचीड होते. चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढायचा, काडीनं चटका द्यायचा नाही, रॉकेल लावायचं नाही, बोटानं फोडायचा तर बिलकुल नाही.

औषध म्हणाल तर फिप्रोनिलचे थेंब मानेमागे, जिथं त्याची जीभ पोचत नाही तिथं, किंवा वजनाप्रमाणं फ्लुरालानरची गोळी, ती साधारण 12 आठवडे चालते. महाग वाटते पण खरंच कामाची आहे. डोस डॉक्टरलाच विचारा. आन हात जोडून सांगतो, बैलाले मारायचं गोचिडाचं औषध अंदाजानं कुत्र्याले लावू नका, ते अंग चाटते आन विषबाधा होते, जीव जातो बाप्पा.

कुत्रं जेवत नसलं, ताप असला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी लालसर झाली तर एर्लिकिया नाहीतर बबेसिया, म्हणजे गोचिडातून होणारा रक्ताचा आजार असू शकते, त्याच दिवशी तालुक्याच्या पशुदवाखान्यात न्या, रक्त तपासा.