चूक पायी चालणाऱ्याची असली तरी गाडीवाल्यालाच का धरतात?

तुम्ही विचारलंय की माणूस झेब्रा सोडून मध्येच रस्त्यात आला आणि गाडीखाली आला, तर त्यात चालवणाऱ्याचा काय दोष. हाच प्रश्न आमचे भाऊजी चार वर्षं मला विचारतायत, म्हणून लिहायला बसलो.

माझी आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. संध्याकाळी भाजी घेऊन परत येताना दुभाजकाच्या फटीतून रस्ता ओलांडत होती. दुचाकीचा धक्का लागला आणि खुब्याचं हाड मोडलं. मी पोचलो तेव्हा ती दुभाजकाला टेकून बसली होती. मेथीच्या दोन जुड्या मांडीवर घट्ट धरलेल्या, एका पायात चप्पल नाही. धक्का देणारा मुलगा पळून गेला नव्हता, रिक्षा त्यानेच थांबवली होती. दवाखान्यात भाऊजी पहिलं वाक्य बोलले, "आईंनी झेब्रावरूनच यायला हवं होतं."

आईला मी नंतर विचारलं, झेब्रा सोडून तिथून का जातेस? ती म्हणाली, "तिथे मध्ये उभं राहता येतं रे." मला कळलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी चौकात जाऊन मोजलं. या फुटपाथापासून त्या फुटपाथापर्यंत साधारण २० मीटर. चालणाऱ्यांचा हिरवा दिवा १८ सेकंद. सिग्नलची वेळ बसवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे हिशेब बरोबर आहे, पण तो माझ्यासारख्या धडधाकट माणसाचा. शेजारच्या काकू आईच्याच वयाच्या, त्यांना सोबत नेलं. त्यांना २९ सेकंद लागले. शेवटचे ११ सेकंद समोरच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि मी हात वर करून उभा होतो. झेब्रावर मध्ये थांबायला जागाच नाही, दुभाजक झेब्राच्या आधीच संपतो. फटीपाशी मात्र अर्धा रस्ता पार करून दम खाता येतो. आईने नियम मोडला तो विचार करून मोडला.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. कायदा पायी चालणाऱ्याला सरसकट माफ करत नाही. भरपाईच्या दाव्यात त्याचीही चूक दिसली तर रक्कम कमी होते. पण झेब्रावर त्याला आधी जाऊ देणं चालकावर बंधनकारक आहे, आणि ते पाळणारे मला फारसे दिसत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्या हातात वजन आणि वेग आहे, त्याची जबाबदारी आधी. ताशी ५० च्या वेगात गाडी एका सेकंदात १४ मीटर जाते, ब्रेकवर पाय पडायच्या आत. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. भाऊजी, ही सगळी काय झेब्रा चुकलेली होती?

हां, कानात इअरफोन घालून, मोबाइलमध्ये बघत रस्त्यात उतरणाऱ्या तरण्या पोरांची बाजू मी घेत नाही. दुभाजकाच्या जाळीवरून लेकराला पलीकडे उतरवणाऱ्या बापाचा तर मला संताप येतो. फुटपाथ नसेल तिथे समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने चाला, आणि रात्री फिकट कपडे घाला. पण दंड लावायचा तर आधी हिरव्या दिव्याचे सेकंद वाढवा, मध्ये थांबायला जागा द्या, मग पावती फाडा.

आई आता काठी घेऊन चालते. ११ डिसेंबरला पादचारी दिनाला पुण्यात लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो, गेल्या वर्षी तिला तिथे नेलं. भाऊजीही आले होते. रस्ता भर दुपारी मोकळा, मुलं मध्यभागी खेळत होती. मी म्हटलं, आई, चल मधून. ती शेवटपर्यंत कडेकडेनेच चालली आणि दर चार पावलांनी मागे वळून बघत होती.