चीनला नोकरीसाठी निघालात? आधी सणांचं बघा
तिथले बहुतेक सण तिथीवर, त्यामुळे तारखा आपल्या दिवाळीसारख्या सरकतात. वसंतोत्सव म्हणजे चिनी नववर्ष, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतो. तेव्हा कारखाने बंद आणि रेल्वेची तिकिटं मिळता मिळत नाहीत; कामं आधीच उरका. लाल पाकिटात भेटीचे पैसे देताना नोटा कोऱ्या हव्यात, रकमेत ४ नको, अशुभ मानतात. एप्रिलच्या सुरुवातीचा छिंगमिंग पूर्वजांच्या कबरी साफ करण्याचा, तेव्हा उगाच शुभेच्छा देत सुटू नका. चिनी पंचांगातल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मूनकेकचे, म्हणजे सारण भरलेल्या गोल मिठाईचे, डबे येतील. अख्खा एकट्याने संपवू नका, भलता जड असतो. चार तुकडे करून चहाबरोबर वाटून खा. आणि हो, सलग सुट्टीच्या बदल्यात एखादा शनिवार किंवा रविवार भरून घेतात. घरी यायचं तिकीट सरकारी यादी बघूनच काढा.