बाहेरचा मॉनिटर १०२४ × ७६८ वरच का अडकतो?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. घरातला जुना मॉनिटर, ज्याला फक्त व्हीजीए जोडणी आहे, मी एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर लावून जोडला. त्याचे रिझोल्यूशन १९२० × १०८० असूनही डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १०२४ × ७६८ च्या वरचा पर्यायच दिसत नाही आणि अक्षरे आडवी ताणली जातात. लिनक्स पुन्हा टाकावे लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. प्रत्येक मॉनिटर आपली ओळख आणि आपल्याला पेलणारी रिझोल्यूशन्स किमान १२८ बाइट्सच्या एका छोट्या नोंदीत बाळगतो आणि संगणकाने विचारताच ती केबलमधूनच पाठवतो. या नोंदीला ईडीआयडी म्हणतात. ती पोहोचली नाही, तर मॉनिटरला इजा होऊ नये म्हणून लिनक्स १०२४ × ७६८ च्या पुढे जात नाही. आपल्याकडे हेच झालेले दिसते.

म्हणून आधी केबल पाहा. व्हीजीएच्या प्लगची रुंद बाजू वर ठेवून समोरून पाहिल्यास सर्वांत खालच्या ओळीतील डावीकडून दुसरी आणि शेवटची पिन, म्हणजे १२ व १५ क्रमांकाच्या पिना, ही नोंद वाहून आणतात. स्वस्त केबलींमध्ये त्या कधी नसतातच, तर कधी वाकलेल्या असतात. मधल्या ओळीतली ९ क्रमांकाची पिन मात्र चांगल्या केबलींमध्येही नसते, त्यामुळे ती नाही म्हणून केबल फेकू नका. शेजाऱ्यांकडून दुसरी केबल मागून लावून पाहिली तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. कन्व्हर्टरही असाच बदलून पाहावा.

केबल बदलूनही फरक पडला नाही, तर रिझोल्यूशन हाताने नोंदवता येते. टर्मिनलमध्ये एक्सरँडर (एक्स, आर, ए, एन, डी, आर ही सहा रोमन अक्षरे) ही आज्ञा दिली की जोडणीचे नाव दिसते. ते बहुधा एचडीएमआय-१ असे असते. मग सीव्हीटी या आज्ञेपुढे १९२० आणि १०८० हे आकडे द्यावेत, म्हणजे त्या रिझोल्यूशनचे पूर्ण गणित मांडणारी ओळ मिळते. इथे एक गोष्ट सहसा निसटते : साध्या सीव्हीटीच्या हिशेबाने पिक्सेल क्लॉक, म्हणजे ठिपके पाठवण्याचा वेग, १७३ मेगाहर्ट्झ येतो आणि जुन्या एचडीएमआय जोडणीची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झची असते, त्यामुळे सगळे बिनचूक टाइप करूनही पडदा काळाच राहतो. आकड्यांच्या आधी ‘-आर’ हा पर्याय (रोमन लिपीतील लहान आर) दिला की हा वेग १३८.५ मेगाहर्ट्झवर येतो आणि एलसीडी मॉनिटरला तो सहज चालतो. मिळालेली ओळ एक्सरँडरच्या न्यूमोड पर्यायाने नोंदवावी, ॲडमोडने त्या जोडणीला लावावी आणि शेवटी आउटपुट व मोड हे पर्याय देऊन ती सुरू करावी. हे करताना लॅपटॉपचा स्वतःचा पडदा चालू ठेवावा, म्हणजे काही चुकले तरी परतीची वाट राहते.

संगणक बंद केला की ही नोंद पुसली जाते. त्यासाठी या तिन्ही आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये लिहून ती मिंटच्या स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये टाकावी. मात्र हा सारा उपाय एक्सऑर्ग, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारी लिनक्सची जुनी यंत्रणा, वापरणाऱ्या सत्रापुरता आहे. लॉगिन करताना वेलँड ही नवी यंत्रणा निवडली असेल, तर एक्सरँडरने रिझोल्यूशन बदलत नाही.