आधी शांतता ऐका, मग कोरस

'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' (१९९८) या युद्धपटाच्या संगीताचा अल्बम ऐकून कंटाळा आला म्हणालात, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. युद्धपट म्हटला की तुतारी-नगारे हवेतच, अशी सवय असते आपल्याला. इथं संगीतकार जॉन विल्यम्स नेमका उलटा वागलाय. दुसऱ्या महायुद्धातल्या, फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यावरच्या त्या लांबलचक लढाईत संगीत नाहीच. नुसत्या गोळ्या, पाणी, किंकाळ्या. गोळीबार थांबून प्रेतं दिसायला लागतात, तेव्हा कुठे ऑर्केस्ट्रा हळूच आत येतो. म्हणून आधी चित्रपट बघा, मगच अल्बम लावा.

आणि सुरुवात 'हिम टू द फॉलन' (Hymn to the Fallen, म्हणजे धारातीर्थी पडलेल्यांसाठीचं स्तोत्र) या रचनेपासून करा. चित्रपटात हे शेवटच्या श्रेयनामावलीवर वाजतं, नेमकं लोक उठून चपला शोधत असतात तेव्हा! हेडफोन लावा, आवाज किंचित वाढवा. पहिल्यांदा ऐकू येतो तो लष्करी ताशासारखा ड्रम, लांबून आल्यासारखा, जवळजवळ कुजबुजता. मग पितळी वाद्यं, पण त्यांत विजयाची मिजास नाही. कोरस, म्हणजे समूहगायन, येतो तेव्हा शब्द शोधत बसू नका. शब्द नाहीतच, नुसते स्वर आहेत. आपल्या आलापीची सवय असेल तर हे तुम्हाला पटकन भिडेल. गायकवृंद टॅंगलवुड फेस्टिव्हल कोरस, वाद्यवृंद बॉस्टन सिम्फनी, ध्वनिमुद्रण बॉस्टनच्या सिम्फनी हॉलमध्ये. त्या सभागृहाचा घुमारा स्वरांच्या मागे रेंगाळतो, तो ऐका.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र अजिबात लावू नका. सुरुवातीचा तो ड्रमच गायब होतो.